बॅचलर म्हणजे ब्रह्मचारी? आधी सोडमुंज समजून घ्या

गिरगावकर: सकाळपासून फिरणारी पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे पूर्वी शिकणारा ब्रह्मचारी असायचा, म्हणून पदवीला बॅचलर नाव पडलं आणि ते आपल्या ‘स्नातका’चंच भाषांतर. साफ चूक. सोडमुंजीत, म्हणजे शिक्षण संपल्यावरच्या विधीत, न्हाऊन निघाला तो स्नातक, म्हणजे ब्रह्मचर्य संपवून लग्नाला मोकळा झालेला! बॅचलर आला जुन्या फ्रेंचमधून. दुसऱ्या सरदाराच्या निशाणाखाली लढणारा तरुण उमेदवार, तसाच विद्यापीठातला पहिल्या पायरीचा. बिनलग्नाचा हा अर्थ मागाहून फुटला. बाबासाहेब 1912 साली बी.ए. झाले, तेव्हा रमाबाईंशी लग्न होऊन काही वर्षं लोटली होती.

विक्रोळीकर: मूळ काही असो, भाड्याने खोली बघायला गेलो की ‘बॅचलर नको’ एवढंच ऐकू येतं. तीन सोसायट्या झाल्या.

परळची सिस्टर: त्याहून मोठा घोळ ‘डॉक्टर’चा आहे. आमच्या मजल्यावर एका दाराला पितळी पाटी, ‘डॉ.’. रात्री अडीचला समोरच्या काकांच्या छातीत कळ आली. काकूंनी तीच बेल दाबली. दार उघडलं अर्थशास्त्रातल्या पीएचडींनी. मला उठवेपर्यंत दहा मिनिटं गेली. पाटीवर विषय लिहायला काय जातं?

मुलुंडची लेक: डॉक्टर हा शब्दच लॅटिनमधल्या ‘शिकवणे’वरून आलाय. एमबीबीएस ही बॅचलरची पदवी, तिथे डॉक्टर मानाने म्हणतात. माझ्या आईने कॉलेज आणि आजीचं अंथरूण सांभाळत नऊ वर्षं प्रबंध लिहिला. ओट्याशेजारी स्टुलावर कागद, कोपऱ्यांना हळदीची बोटं. तिने पाटी लावायची नाही?

परळची सिस्टर: आईंना नमस्कार. पण कळ आलेला माणूस लॅटिन विचारत नाही. आणि एम.डी.वाल्यांचं काय? तीही डॉक्टरचीच पदवी.

मुलुंडची लेक: एम.डी.चं मान्य. पण ‘त्या काही खऱ्या डॉक्टर नाहीत’ हे हळदीकुंकवाला चारचौघीत आईने ऐकलंय, तुम्ही नाही.

परळची सिस्टर: मी तसं म्हटलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका. नावाखाली विषय लिहा, माझं भांडण मिटलं.

मूळ पोस्टवाला: सोडमुंजीपुरतं मान्य. तरी शब्द आपल्याकडे आधीपासून होता, यावर मी ठाम आहे.

गिरगावकर: होताच. हिंदीत पदवीधराला आजही स्नातक म्हणतात. म्हणून बॅचलर त्याचं भाषांतर ठरत नाही. पोस्टमधली ती ओळ काढा.