शब्दचर्चा : ‘गुन्हेगार जमात’, ‘विमुक्त’ आणि ‘सराईत’

माळढोक :
सोलापूरच्या कापडगिरण्या आणि त्यांतले मजूर या विषयावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. या मजुरांमध्ये इंग्रज सरकारने तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या लोकांचा मोठा भरणा होता. ती वसाहत शहरात आजही नुसती ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखली जाते. जुन्या सरकारी कागदांत तिथल्या रहिवाशांना सरसकट ‘गुन्हेगार जमातीचे लोक’ म्हटलेले आहे, आणि अलीकडच्या मराठी लेखनातही तो शब्दप्रयोग अवतरणचिन्हांशिवाय येतो. तो तसाच उतरवून घेणे मला पटत नाही. त्याऐवजी ‘विमुक्त’ (त्या शिक्क्यातून कायद्याने मोकळे झालेले) लिहावे तर काळाचा घोटाळा होतो, कारण १९२० साली हे लोक विमुक्त नव्हते. ‘भटके’ म्हणावे तर कुंपणाआड डांबलेल्या माणसाला भटका म्हणणे खटकते. नेमका शब्द कोणता वापरावा, आणि ‘सराईत गुन्हेगार’ या आजच्या शब्दाशी या साऱ्याचा काही संबंध आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

सीनाकाठ :
आपली अडचण त्या शब्दाच्या घडणीतच आहे. ‘गुन्हेगार’ हे मराठीत नाम म्हणून चालते तसे विशेषण म्हणूनही चालते. ‘तो गुन्हेगार आहे’ असे म्हटले की त्याने काही केले आहे, ते सिद्ध झाले आहे, असा अर्थ ऐकणारा घेतो. पण ‘गुन्हेगार जमात’ म्हटले की कृत्य बाजूला पडते आणि उरतो तो स्वभाव. ‘काटक जमात’, ‘लढाऊ जमात’ या चालीवर ते विशेषण माणसाला जन्मतः चिकटते. पाळण्यातल्या मुलालाही ते लागू होते, कारण जमातीत तेही आले.

इंग्रज सरकारला नेमके हेच म्हणायचे होते. गुन्हेगार जमातींचा कायदा, म्हणजे १८७१ चा २७ वा कायदा, झाला तेव्हा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायद्याचे काम पाहणारे विधी सदस्य होते, आणि हिंदुस्थानात जसा धंदा बापाकडून मुलाकडे जातो तसा गुन्हाही जातो, हा त्या कायद्यामागचा युक्तिवाद होता. एखादी ‘जमात, टोळी किंवा व्यक्तींचा वर्ग’ पद्धतशीरपणे जामीनअयोग्य गुन्हे करीत असल्याचे सरकारला वाटले, तर तसे जाहीर करण्याचा अधिकार त्याने दिला, आणि एकदा ते जाहीर झाले की कोणत्याही न्यायालयाने त्यावर शंका घ्यायची नाही, असेही त्यात लिहिले. न्यायाच्या दृष्टीने मला सर्वांत भयंकर वाटते ती हीच तरतूद. आरोप सरकारने ठेवायचा, निकालही सरकारनेच द्यायचा, आणि तो चुकीचा आहे हे सांगायला जाण्यासाठी दारच नाही.

हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत येण्याची वाट मोकळी झाली, आणि १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला. नोंद झालेल्या माणसाने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, मुक्काम बदलला की कळवायचे, बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. शिक्षेतही भेद होता. अनुसूचीत दिलेल्या गुन्ह्यासाठी अशा जमातीतल्या माणसाला दुसऱ्यांदा दोषी धरले, तर न्यायालयाने निकालपत्रात खास कारण लिहिल्याखेरीज किमान सात वर्षे कैद, आणि तिसऱ्यांदा धरले तर जन्मठेप काळे पाणी. तोच गुन्हा त्याच संख्येने करणारा, पण यादीबाहेरच्या जातीत जन्मलेला माणूस या कलमाखाली येत नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी : १९५२ पूर्वीच्या काळाबद्दल लिहिताना ‘गुन्हेगार ठरवलेल्या जमाती’ असे लिहावे. ‘ठरवलेल्या’ हे कृदंत आले की कोणी ठरवले हा प्रश्न वाक्यातच उभा राहतो आणि कर्त्याला, म्हणजे सरकारला, लपता येत नाही. कायद्याच्या काटेकोर संदर्भात ‘अधिसूचित जमाती’ लिहावे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या काळासाठी ‘विमुक्त’ हा शब्द योग्य आहे. जुन्या कागदातला उतारा शब्दशः देताना मात्र मूळ शब्द बदलू नये. राज्याने माणसांना काय म्हटले, हे वाचकाला दिसलेच पाहिजे.

अक्षरवाट :
‘तथाकथित गुन्हेगार जमाती’ एवढे पुरेसे होणार नाही का? वाक्य आटोपशीर राहते.

सीनाकाठ :
वाक्य आटोपशीर राहते हे मान्य, पण ‘तथाकथित’ने फक्त शंका व्यक्त होते. कोणीतरी, कुठेतरी, कधीतरी असे म्हणत असे, एवढेच त्यातून कळते. इथे म्हणणारा माहीत आहे, तारीख माहीत आहे, राजपत्रातली अधिसूचना माहीत आहे. असे असताना मोघम शब्द का वापरायचा?

‘भटके’ या शब्दाबद्दल थोडक्यात सांगतो. भटक्या सर्व जमाती अधिसूचित नव्हत्या आणि अधिसूचित सर्व जमाती भटक्या नव्हत्या. रामोश्यांकडे तर कित्येक गावांची राखण होती. महाराष्ट्र शासन ‘विमुक्त जाती’ आणि ‘भटक्या जमाती’ असे दोन वेगळे प्रवर्ग मानते. शासन निर्णयांत दिसणारे ‘विजाभज’ हे त्यांचेच लघुरूप होय. ‘भटके-विमुक्त’ हा जोडशब्द चळवळीने घडवला आणि चळवळीच्या संदर्भात तो योग्यच आहे, पण इतिहासलेखनात दोन्ही पदे वेगळी ठेवलेली बरी.

कोरी पाटी :
वरील चर्चा मी आस्थेने वाचली, कारण मी स्वतः या समाजातली आहे. आपण सर्वजण ‘गुन्हेगार’ या एका शब्दाविषयी बोलत आहात. मला त्याच्याही आधीच्या शब्दांकडे लक्ष वेधायचे आहे. महाराष्ट्रात १४ विमुक्त जाती आहेत. त्या यादीत ‘भामटा’ हे एका जातीचे अधिकृत नाव आहे, आणि त्याखाली येणाऱ्या पोटनावांत ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ अशीही नावे आहेत. शाळेत दाखल होणाऱ्या मुलाच्या कागदावर हे नाव छापलेले असते. ते वाचून वर्गात काय होते, हे मी पाहिले आहे आणि त्याचे वर्णन करण्याची माझी इच्छा नाही.

दुसरीकडे ‘भामट्याने वृद्धेला गंडा घातला’ अशा मथळ्याशिवाय वर्तमानपत्राचा आठवडा जात नाही. लिहिणाऱ्याच्या मनात जात नसते, हे मला मान्य आहे. त्याला फक्त फसवणारा माणूस म्हणायचे असते. ‘बेरड’ हा शब्दही निर्लज्ज, निगरगट्ट या अर्थाने सहज वापरला जातो आणि ते बेरड समाजाचे नाव आहे, हे कित्येकांना ठाऊकही नसते. पण ज्या कायद्याने जातीचे नाव आणि गुन्ह्याचे नाव एक केले तो रद्द होऊन सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही भाषेने ते दोन अर्थ वेगळे केलेले नाहीत. ‘ठक’, ‘लबाड’, ‘फसवणारा’, ‘तोतया’ असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. तेवढे वापरले तरी आमच्यावर उपकार होतील असे मी म्हणणार नाही. ते साधे न्याय्य लेखन होईल.

माळढोक :
आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझ्या लेखाच्या मसुद्यात ‘भामटा’ हा शब्द एका ठिकाणी गिरणीच्या दलालाला उद्देशून आला होता. तो मी बदलत आहे. आणखी एक प्रश्न : कायद्यातल्या ‘जमात, टोळी किंवा वर्ग’ या शब्दांपैकी ‘टोळी’चे काय करावे?

सीनाकाठ :
‘टोळी’ हा शब्द स्वतः निर्दोष आहे. उसाच्या फडावर आजही मुकादम ‘माझी टोळी’ म्हणतो तेव्हा त्याला कोयते घेऊन आलेली कष्टकरी कुटुंबे अभिप्रेत असतात. जुन्या पाठ्यपुस्तकांतही ‘रानटी टोळ्या’, ‘आफ्रिकेतील टोळ्या’ अशा प्रयोगांत टोळी म्हणजे जमातच. पण पोलीस ठाण्याच्या मराठीत टोळी म्हणजे गुन्ह्यासाठी जमलेली माणसे. हे दोन अर्थ एकाच शब्दात राहत असल्यामुळे ‘पारध्यांची टोळी पकडली’ असे लिहिले की वाचकाला चार संशयित दिसत नाहीत, अख्खी जमात दिसते. बातमीत आरोपींची जात लिहिण्याचे कारणच नसते. इतरांच्या बाबतीत आपण ती लिहीतही नाही.

तळटीप :
‘सराईत’विषयी वकिलीच्या अनुभवातून थोडे लिहितो. हा मुळात कौतुकाचा शब्द आहे. सरावाने ज्याचा हात बसला तो सराईत. सराईत विणकर, सराईत गवंडी. पोलिसांच्या निवेदनांतून तो ‘सराईत गुन्हेगार’ आणि ‘रेकॉर्डवरील गुन्हेगार’ अशा रूपांत वर्तमानपत्रांत आला, आणि आता तर गुन्हा या विषयाशीच तो बांधला गेला आहे.

माळढोक यांनी विचारलेला संबंध सरळ आहे. जमातीवर ठपका ठेवणारा कायदा रद्द झाला, पण त्याची जागा राज्याराज्यांतल्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. कागदावर हा बदल मोठा आहे, कारण इथे व्यक्तीला झालेल्या शिक्षा मोजायच्या आहेत, तिचा जन्म पाहायचा नाही. व्यवहारात जुन्या यादीतलीच माणसे नव्या नावाने नोंदली गेली. काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत तर भटक्या किंवा ‘गुन्हेगार’ जमातीचा माणूस म्हणजे सराईत, असे समीकरण उघडपणे टिकून होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात त्यावर निर्णय दिला. तुरुंगात जातीवरून कामे वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला, आणि ‘सराईत’ हा शब्द नियमावल्यांत वापरायचा असेल तर राज्याच्या कायद्यातल्या व्याख्येप्रमाणेच वापरावा, असे न्यायालयाने सांगितले.

त्यामुळे लेखनात मी एक पथ्य पाळतो. ज्याच्यावर गुन्हे दाखल आहेत पण शिक्षा झालेली नाही, त्याला ‘सराईत’ म्हणू नये. दाखल गुन्हा आणि सिद्ध गुन्हा यांत जे अंतर आहे, ते या एका शब्दाने पुसले जाते. हजेरीच्या काळात ज्यांच्या दाराशी पोलीस रोज येत, त्यांच्या नातवंडांच्या नावावर दाखल गुन्हे जास्त असणार, यात नवल काय?

दूरदेशी :
मी अमेरिकेत राहतो, त्यामुळे ‘वंश’ या शब्दाविषयी एक मुद्दा मांडावासा वाटतो. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान अशी वेगवेगळी पदे आहेत, म्हणजे वंश आणि जात एक नव्हेत. पण मराठीत ‘वंश’ म्हणजे कुळ, पिढ्यांची साखळीसुद्धा. ‘वंशपरंपरा’, ‘वंशावळ’ हे त्याच अर्थाने. वांशिक भेदभावाच्या निर्मूलनासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये जो करार केला, त्याच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर ‘कुळ’ या अर्थाचाही शब्द आहे. त्यात जात येते असे करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले, भारत सरकारने ते स्वीकारले नाही, आणि २००७ मध्ये त्याच समितीने भारताला सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या बाबतीत तरी हा भेद ‘वांशिक’ म्हणावा असे माझे मत आहे, कारण ठपका ठेवण्याचा आधार जन्म हाच होता.

इथल्या न्यायव्यवस्थेत हाच प्रश्न उलट्या दिशेने आला. १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात जॉर्जिया राज्यातल्या फाशीच्या शिक्षांची आकडेवारी मांडली गेली. मारला गेलेला माणूस गोरा असेल तर फाशी होण्याचा संभव कितीतरी अधिक, असे तीत दिसत होते. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की समूहाची आकडेवारी पुरेशी नाही, आरोपीने स्वतःच्या खटल्यात हेतुपुरस्सर भेदभाव झाल्याचे सिद्ध करावे. समूहाचा अनुभव बचावासाठी चालला नाही. आपल्याकडे समूहाचे नाव आरोपासाठी मात्र चालले.

अक्षरवाट :
मग बातमी लिहिताना ‘संशयित’, ‘आरोपी’, ‘गुन्हेगार’ हा क्रम पाळला की झाले, असे समजावे का?

तळटीप :
तो क्रम तर पाळायचाच, पण खटला संपल्यानंतरचा शब्दही तितकाच जपून निवडायला हवा. २००३ साली नाशिक जिल्ह्यात दरोडा, खून आणि बलात्काराचे एक भीषण प्रकरण घडले. त्यात भटक्या जमातीच्या सहा गरीब मजुरांना दोषी धरण्यात आले आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच सुनावली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवला. प्रत्यक्षदर्शी स्त्रीने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चार माणसांना ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, हे समोर आले. आरोपी भटक्या जमातीचे आणि अत्यंत गरीब आहेत, त्यामुळे त्यांना खोटे गुंतवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्य सरकारला झाला, आणि चुकीच्या तपासाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगण्यात आले.

अशा निकालाच्या बातमीत आपल्याकडे ‘पुराव्याअभावी सुटका’ हा ठरावीक शब्दप्रयोग येतो. त्याचा ऐकणारा अर्थ घेतो तो असा की केले यांनीच, पण सापडले नाही. न्यायालयाने ‘निर्दोष’ म्हटले असेल तर ‘निर्दोष मुक्तता’ असेच लिहावे, आणि ज्यांना सरकारला भरपाई द्यावी लागली त्यांच्याबद्दल तर दुसरे काहीही लिहू नये.