मदत हवी आहे: कुकरमधला केक मधेच बसतो, आणि क्रीम वितळतं

नमस्कार ताई-दादांनो, लेकीचा पाचवा वाढदिवस 18 मे ला आहे, घरीच करायचाय, केक आणि डेकोरेशन मिळून हजाराच्या आत बसवायचंय. ओव्हन नाही. काल ट्रायल म्हणून बिनअंड्याचा केक कुकरमधे केला, शिट्टी अन् रिंग काढून, तळाला मीठ पसरून, 10 मिनिटं आधी तापवून. दीड वाटी मैदा, एक वाटी दही, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी तेल, चमचाभर बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा. कडेने मस्त फुगला पण मधे खड्डा! आता खरं सांगते, 20 मिनिटांनी सासूबाईंनी "बघू तरी" म्हणून झाकण उघडलं होतं, त्यामुळे झालं का सोडा जास्त झाला? की पीठ भिजवून तसंच ठेवलं म्हणून, कारण मधेच गॅस संपला आणि सिलिंडर बदलेपर्यंत अर्धा तास गेला...

दुसरं म्हणजे आमचं अकोला, मे महिन्यात 43-44 सहज. व्हिपिंग क्रीम बर्फाच्या भांड्यावर ठेवून फेटलं तरी पंख्याखाली दहा मिनिटांत ओघळलं. क्रीमऐवजी काय लावू? चॉकलेट पण वितळेलच ना?

डेकोरेशनला जुनी बांधणीची ओढणी मागे लावून दिवाळीच्या लाईटच्या माळा सोडणारे, क्रेप पेपरच्या झिरमिळ्या घरीच कापतेय. फुगे मात्र गरमीने पटापट फुटतात, त्याला काही उपाय? भिंतीला सेलोटेप लावली तर रंग निघतो आणि घरमालक आधीच कटकट्या आहे.

कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, रविवारी परत ट्रायल घेणारे.