मदत हवी आहे : रामकुंडावरच्या दोन मुलांच्या शाळेसाठी स्पॉन्सरशिप

नाशिकच्या पंचवटीत रामकुंडाजवळ दिवे-फुलं विकणारी दोन भावंडं आहेत, मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ चा. मुलगी गावी दुसरीपर्यंत शिकलीये, मुलगा शाळेत गेलेलाच नाही. आम्ही चार-पाच मित्र दर महिन्याला पैसे काढायला तयार आहोत. आईवडील सोबतच राहतात आणि त्यांची ना नाहीये, त्यामुळे होस्टेल किंवा बालगृह सुचवू नका प्लीज.

जन्मदाखला नाही म्हणून ॲडमिशन अडवता येत नाही (आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४) आणि वयानुसार वर्ग मिळतो (कलम ४), हे दाखवल्यावर महापालिकेच्या शाळेत दोघांची नावं लागली. पुस्तकं, दुपारचं जेवण तिथेच मिळतं, म्हणजे फीचा प्रश्नच नाही. खरा घोळ वेगळाय, मुलं धंद्यावर नसली की घरातली कमाई घटते, शनिवार-रविवार आणि सणाला गर्दी असली की दोघं परत घाटावर, मग सोमवारीपण दांडी. रोख पैसे हातात द्यायला मन धजत नाही, एकदा रेशन भरून दिलं पण हजेरीत काही फरक नाही. बालसंगोपन योजनेचं (अनाथ, एकच पालक असलेल्या अशा मुलांना सरकारी मदत) विचारलं, पण आईवडील दोघं असल्याने जमेल असं वाटत नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा, स्पॉन्सरशिपचे पैसे हजेरीशी जोडून आईच्या खात्यात टाकावेत की संध्याकाळच्या शिकवणीवर खर्च करावेत? आणि पंचवटी भागात अशी शिकवणी कोण घेतं?