मदत हवी आहे: सुकाणूचा कोन मोजणारा सेन्सर कसा बसवावा?

नमस्कार. माझ्या शिडाच्या बोटीवर ऑटोपायलटसाठी (बोट आपोआप ठरलेल्या दिशेने नेणाऱ्या यंत्रासाठी) सुकाणूचा कोन मोजणारा सेन्सर बसवत आहे. सेन्सरची भुजा आणि सुकाणूचा दांडा सारख्या लांबीचे ठेवून जोडदांडीने समांतरभुज चौकोन साधला, की दोन्हींचे कोन जुळतात, हे समजले. परंतु माझ्या सुकाणूचा आस मागे कललेला आहे आणि सेन्सर बसवायची फळी मात्र आडवी असल्यामुळे दोन्ही आस समांतर राहत नाहीत. सुकाणू दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३५ अंश फिरते. सेन्सरखाली पाचर घालून त्याचा आस तितकाच कलवावा, की जोडदांडीच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट (सर्व दिशांना वळणारा गोल सांधा) लावून मध्यबिंदू, म्हणजे सुकाणू सरळ असतानाची स्थिती, ऑटोपायलटमध्ये नोंदवणे पुरेसे ठरेल? लाकडी पाचर ओलाव्याने फुगेल, म्हणून मन धजत नाही. तिच्यासाठी कोणते साहित्य योग्य, हेही कृपया सांगावे.