मदत हवी आहे: हाताने काढलेली डिझाइन्स कॉम्प्युटरवर एडिट करता येतील अशी कशी करायची? (अर्जंट)

गिरगावची_नीता
नमस्कार मंडळी. माझ्याकडे हाताने काढलेली अकरा डिझाइन्स आहेत, ती डिजिटल करायची आहेत. नुसता फोटो नको. रेघा हलवता आल्या पाहिजेत, माप बदलता आलं पाहिजे. मोबाइलने फोटो काढून 'जेपीजीचं डीएक्सएफ' (म्हणजे फोटोची रेघांची कॅड फाइल) करून देणाऱ्या दोन साइट्सवर टाकून बघितलं. फाइल मिळाली, पण दुकानदार म्हणतो चालणार नाही, "मॅडम, डबल लाइन येतेय." म्हणजे काय ते विचारेपर्यंत मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं होतं. शुक्रवारपर्यंत हवं आहे. कुठलं अ‍ॅप वापरू?

पाचपन्नास_फास्ट
कसली डिझाइन्स? साडीची, दागिन्यांची, घराची? आणि दुकानदार कसला?

अक्षरवेडा
गूगल लेन्स वापरा. मी आजीची पाककृतींची वही त्यातूनच टंकून घेतली. मराठी हस्ताक्षर बऱ्यापैकी ओळखतं, फक्त जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात. लागलं तर पायऱ्या सविस्तर लिहितो.

गिरगावची_नीता
अहो, मजकूर नाहीये. चित्रं आहेत.

ठाण्याचा_कॅडवाला
ऑटोकॅडशिवाय पर्याय नाही. स्कॅन इमेज अटॅच करा, स्केल कमांडमध्ये रेफरन्स देऊन खऱ्या मापाला आणा, वरून पॉलिलाइनने गिरवा. स्कॅन केलेली पीडीएफ इम्पोर्ट करायला जाऊ नका, त्यात चित्रच असतं, रेघा नसतात. बाकी सगळे जुगाड.

गिरगावची_नीता
ऑटोकॅड नाही माझ्याकडे, आणि शुक्रवारपर्यंत शिकूनही होणार नाही. मखराची डिझाइन्स आहेत, लिहिलं नव्हतं का? लेझर कटिंगला द्यायची आहेत, ३ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड).

पाचपन्नास_फास्ट
नव्हतं लिहिलंत :) आता डबल लाइनचं कळलं. पेन्सिलच्या रेघेला जाडी असते. त्या साइट्स रेघेला रेघ न समजता काळा पट्टा समजतात आणि त्याच्या दोन्ही काठांनी कड काढतात. लेझर दोन्ही काठांवरून फिरणार, म्हणजे एका रेघेच्या जागी दोन काप आणि मधून एमडीएफची शेवई.
इंकस्केप उतरवून घ्या, फुकट आहे. १.० किंवा पुढचीच आवृत्ती हवी. शिफ्ट-ऑल्ट-बी दाबलं की ट्रेस बिटमॅप उघडतं, त्यात 'सेंटरलाइन ट्रेसिंग' निवडा. रेघेच्या मधोमध एकच पाथ, म्हणजे एडिट करता येणारी रेघ, येईल. मग कंट्रोल-एल, म्हणजे नको ते नोड (रेघेवरचे धरून हलवायचे बिंदू) कमी होतात. पण जपून, दोनतीनदा दाबलंत तर कंगोरे बटाट्यासारखे होतात.

प्रभादेवीचा_डीटीपी
कोरल ड्रॉ असेल तर त्यातही पॉवरट्रेसमध्ये सेंटरलाइन ट्रेस आहे. लेझरवाले बहुतेक कोरलच वापरतात. त्याला सीडीआर (कोरलची फाइल) चालते का विचारा, डीएक्सएफची कटकटच नको.

टी_स्क्वेअर
पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. बोर्ड, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंग पेन, चुकलं की ब्लेडने शाई खरवडायची. सांगू का, ऑटोट्रेस हा आळस आहे. महिरपीच्या एका पाकळीला तीन-चार नोड पुरतात, मशीन चाळीस टाकतं. नंतर पाकळी हलवायला गेलात की सगळं थरथरतं. इंकस्केपमधलं बेझिए पेन (वळणदार रेघा काढायचं साधन) घ्या आणि स्वतः गिरवा. आणि डिझाइन कुणाचं आहे ते कळू द्या आधी.

पाचपन्नास_फास्ट
काका, अकरा पानं आहेत आणि शुक्रवार आलाय.

टी_स्क्वेअर
आमच्या वेळेलाही शुक्रवार यायचेच.

लालबागचा_पिंट्या
आमच्या मंडळात थर्माकोल असताना बरं होतं. गरम तारेने रात्रभर कापत बसायचो, सकाळी अंगभर पांढरे गोळे. २०१८ ला बंदी आली आणि मजा गेली. ताई, एमडीएफ जड पडेल, सनबोर्ड घ्या. हलका, आणि लेझरने लोण्यासारखा कापला जाईल.

ठाण्याचा_कॅडवाला
कृपया असं काही सांगू नका! सनबोर्ड म्हणजे बहुधा पीव्हीसी फोम. लेझरखाली हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, मशीन गंजतं आणि माणसाची छाती भरते. जाणता लेझरवाला हातच लावणार नाही. सनबोर्ड राउटरवर (फिरत्या पात्याच्या मशीनवर) किंवा कटरने कापा.

लालबागचा_पिंट्या
माहीत नव्हतं. धन्यवाद. आम्ही कटरनेच कापतो तसं पण.

गिरगावची_नीता
डिझाइन्स माझ्या सासऱ्यांची. दरवर्षी घरचं मखर ते स्वतः करायचे, थर्माकोलचं. कार्ट्रिज पेपर पिवळा पडलाय, पेन्सिल पुसट आहे. त्यांनी प्रत्येक महिरप अर्धीच काढलीय, मध्ये उभी तुटक रेघ. उरलेली अर्धी बाजू मी परवा रात्री बसून पुरी केली, पण उजवी-डावी जुळत नाहीत. शिवाय ठिकठिकाणी "४ इं ३ सू" असं लिहिलंय. सू म्हणजे?

टी_स्क्वेअर
अर्धी काढलीय कारण त्यांना काम येत होतं, बाई! तुटक रेघ म्हणजे अक्ष. अर्धंच गिरवायचं आणि आरशात उलटवायचं. तुमची बाजू विसरा, राग मानू नका.
सू म्हणजे सूत. सुतारी माप, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ४ इंच ३ सूत म्हणजे १११ मिमीच्या किंचित वर.

पाचपन्नास_फास्ट
वा काका. काम अर्ध्यावर आलं, म्हणजे तुमची हाताने गिरवायची पद्धतही बसेल शुक्रवारात. माघार घेतो.
नीताताई, मूळ कागदावर पेन चालवू नका. वर ट्रेसिंग पेपर ठेवून सासऱ्यांची अर्धी बाजू ०.५ च्या काळ्या पेनने उतरवा. मोबाइलच्या फोटोत कडा तिरक्या होतात, म्हणून झेरॉक्सवाल्याकडे ३०० डीपीआयला स्कॅन करा. शेजारी स्टीलची फूटपट्टी ठेवून, म्हणजे माप तिथूनच जुळवता येईल. इंकस्केपमध्ये गिरवून झालं की अर्धा भाग डुप्लिकेट करा, एच दाबून उलटवा, टोकं चिकटवा, मधले नोड जोडून पाथ बंद करा.

ठाण्याचा_कॅडवाला
आणि डीएक्सएफ देताना एकक मिमीच ठेवा. इंच-मिमीचा घोळ झाला तर तुकडा २५.४ पट मोठा नाहीतर लहान निघतो. महिरप मावेना किंवा काडेपेटीत मावेल.

प्रभादेवीचा_डीटीपी
जाळी आहे का नक्षीत? थर्माकोलवर तुकडे वरून चिकटवता येतात. आरपार कापताना फुलाच्या आतला गोल सुटून खाली पडेल. त्याला दोन ठिकाणी पूल, म्हणजे न कापलेली बारीक पट्टी, सोडा.

टी_स्क्वेअर
सगळ्यात मोठी गोष्ट कुणी विचारलीच नाही. खांब पायथ्यात रोवायच्या खाचा किती रुंद आहेत?

गिरगावची_नीता
एक इंच. सगळ्या ठिकाणी १ इं लिहिलंय.

टी_स्क्वेअर
वाटलंच. थर्माकोल एक इंची होता. तुमचा एमडीएफ ३ मिमीचा. आहे तसं गिरवलं असतंत तर खांब खाचेत पाळण्यासारखा झुलला असता. खाचा गिरवूच नका, नवे चौकोन काढा. त्याआधी शीटची जाडी व्हर्नियरने मोजा, ३ मिमी सांगतात तितकी भरेलच असं नाही.

ठाण्याचा_कॅडवाला
इथे काकांशी शंभर टक्के सहमत. लेझर स्वतःही थोडं खातो, म्हणजे खाच आखल्यापेक्षा किंचित रुंद निघते. आधी एका पट्टीवर २.७, २.८, २.९, ३.० अशा खाचा कापून घ्या, जी घट्ट बसेल ती सगळीकडे.

अक्षरवेडा
४ इं ३ सू वगैरे लेन्सने वाचून यादी करता आली असती, म्हणून म्हणत होतो.

गिरगावची_नीता
(गुरुवार, रात्री) पाच महिरपी झाल्या. अर्धी उलटवल्यावर पहिल्यांदा पूर्ण दिसली, सासूबाईंना बोलावून दाखवली. "पाकळी जरा खाली झुकायची," म्हणाल्या, तर नोड धरून झुकवली. कॅडवाले दादा, पट्टीवर २.८ घट्ट बसली. आता एकच. कापलेल्या कडांजवळ वरचा भाग धुराने तपकिरी पडतोय, रंग देणार नाहीये. काय करू?

प्रभादेवीचा_डीटीपी
कापायच्या आधी दोन्ही बाजूंनी कागदी मास्किंग टेप लावायला सांगा. नंतर सोलून काढा. जाळीवरून सोलताना वेळ जाईल, घरातल्या पोरांना बसवा.