शंभर वर्षांचा पूर आणि आपला विमा

‘शंभर वर्षांतला पूर आत्ताच येऊन गेला, आता विमा कशाला?’ असं घराच्या विम्याबद्दल एकाने लिहिलंय, ते वाचून काळजी वाटली. पुराला पाळी ठाऊक नसते. ‘शंभर वर्षांतला पूर’ याचा अर्थ इतकाच, की दरवर्षी तेवढ्या पुराची शक्यता १ टक्का. यंदा आला तरी पुढच्या वर्षी तीच. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निदान एकदा असा पूर येण्याची शक्यता साधारण २६ टक्क्यांवर जाते, म्हणजे चारांत एकाहून थोडी जास्त! शिवाय नकाशावरची पूररेषा नदीपुरती असते. तुंबलेल्या नाल्याचं पाणी ती बघत नाही. म्हणून आधी शेजारच्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं.

विम्याचं म्हणाल तर रक्कम घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरवा, जमिनीसकट बाजारभावावर नको. हप्ता वाचवायला निम्म्याच रकमेचा विमा काढला, तर काही पॉलिसींत भरपाईही त्याच प्रमाणात कापतात. घरातलं सामान विम्यात किती धरलंय, तेही बघा. आणि भिंतीतून हळूहळू झिरपणारी ओल सहसा ‘पूर’ धरत नाहीत. ते कलम सही करण्याआधीच वाचा. घरातल्या वस्तूंचे फोटो आजच काढून घराबाहेर कुठेतरी जपून ठेवा.