इस्लामिक बँकिंगवर सर्वेक्षण करतेय, तयार प्रश्नावली चालेल का?

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. एम.कॉम.च्या प्रकल्पासाठी ‘इस्लामिक बँकिंगकडे (म्हणजे व्याज न घेता-देता चालणाऱ्या बँकिंगकडे) ग्राहक आणि बँक कर्मचारी कसे पाहतात’ हा विषय घेतलाय. ग्राहक मुंब्रा-कौसा, राबोडी आणि तळोज्याचे, कर्मचारी ठाणे आणि वाशीच्या शाखांमधले. मलेशियातली एक प्रश्नावली हाती लागली आहे, ४० विधानं, १ ते ५ गुण. तीच मराठी-उर्दूत करून दोघांना दिली तर चालेल का? आणि फॉर्म किती लागतील?

पारसिक
ताई, ती प्रश्नावली घेऊ नका. मलेशियात १९८३ सालीच इस्लामिक बँकिंगचा कायदा झाला, तिथला खातेदार ही सेवा वापरून बोलतो. आपल्याकडे अशी बँकच नाही. २००८ साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली, २०१५ मध्ये दीपक मोहंती समितीने चालू बँकांतच बिनव्याजी व्यवहारांची वेगळी खिडकी सुचवली, पण २०१७ मध्ये माहिती अधिकाराला उत्तर देताना रिझर्व्ह बँकेने प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचं कळवलं. न वापरलेल्या सेवेबद्दल ‘समाधानी आहात का’ विचारलं की माणूस ३ वर खूण करून मोकळा होतो. तुमचा सगळा तक्ता ३ च्या आसपास घुटमळेल आणि त्यातून काहीच हाती लागणार नाही.

माहिती किती, तयारी किती आणि ती तयारी किती पैशांपर्यंत टिकते, एवढंच इथे मोजता येतं. खरी मेख तिसऱ्यात आहे. ‘बिनव्याजी कर्ज मिळालं तर घ्याल का?’ याला सगळे हो म्हणणार. म्हणून फॉर्मवर मुराबाहाचा, म्हणजे बँकेने वस्तू घेऊन नफा लावून हप्त्यांवर विकण्याचा, अख्खा व्यवहारच मांडा: बँक ८ लाखांचा टेम्पो स्वतः विकत घेते आणि तुम्हाला १०,०८,००० रुपयांना विकते. ४८ हप्ते, दरमहा २१,०००. हप्ता थकला तर दंडाची रक्कम बँकेच्या नफ्यात न जाता दानाला जाते. मात्र मुदतीआधी पैसे फेडले तर किंमत कमी करायला बँक बांधील नाही. आता विचारा, त्याच टेम्पोच्या साध्या कर्जाचा हप्ता २०,५०० असेल तर काय निवडाल? २०,००० असेल तर? १९,५०० असेल तर? माणूस कोणत्या आकड्याला व्याजाकडे वळतो हे कळलं की प्रकल्पाला वजन येतं.

धर्माचा प्रश्न शेवटी ठेवा. जॉर्डनमधल्या १९८९ च्या एका अभ्यासात धर्म हे मुख्य कारण निघालं नव्हतं. १९९९ च्या दुसऱ्या अभ्यासात धर्म आणि बँकेचा लौकिक दोन्ही पुढे आले. पहिलाच प्रश्न धर्माचा असेल तर पुढची सगळी उत्तरं त्याच रंगाची येतात.

फॉर्म: ५ टक्के चूक धरली तर ३८५, ७ टक्के धरली तर १९६. एम.कॉम.ला १९६ पुरेत. पण हे गणित नमुना यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असेल तरच लागू. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीबाहेर उभं राहून १९६ भरून घेतलेत तर बायका सुटतात आणि उत्तरं एका बाजूला झुकतात. यादृच्छिक जमलं नाही तर अहवालात ‘सोयीचा नमुना’ (जे सहज भेटले ते घेतले) असं स्पष्ट लिहा.

राबोडी_नाका
कर्मचाऱ्यांची प्रश्नावली वेगळीच हवी. त्यांना ‘पाठिंबा आहे का’ विचारलंत तर बँकेचं धोरण ऐकायला मिळेल, त्यांचं मत नाही. प्रसंग द्या: ग्राहक काउंटरवर येऊन म्हणतो, ‘माझ्या बचत खात्यात व्याज जमा करू नका.’ तुम्ही काय कराल? ‘असं होत नाही’ म्हणून परत पाठवाल, व्याज नसलेल्या करंट अकाउंटची माहिती द्याल (किमान शिल्लक जास्त लागते आणि बहुतेक ठिकाणी धंद्याचा पुरावा मागतात, हेही सांगाल का?), मॅनेजरकडे पाठवाल, की विमा पॉलिसी सुचवाल?

दुसरं म्हणजे ‘कायद्यात बसत नाही’ आणि ‘मला पटत नाही’ ही दोन उत्तरं एकत्र करू नका. बँकिंग नियमन कायदा १९४९ चं कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, म्हणून वरचा टेम्पोचा व्यवहार आज इथे होऊच शकत नाही. कलम ९ प्रमाणे स्वतःच्या वापराची नसलेली स्थावर मालमत्ता ७ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, त्यामुळे घराचं इजारा (बँकेने घर घेऊन भाड्याने देणं) किंवा बँकेशी भागीदारीत घर घेणंही अडतं. आधी हे ठाऊक आहे का ते तपासा, मग विचारा: कायदा बदलला तर तुमच्या शाखेत अशी खिडकी असावी का? नकारामागे अज्ञान किती आणि नावड किती, हे तेव्हाच वेगळं दिसेल.

१५-२० मुलाखती पुरे. शाखेबाहेर, ड्यूटी संपल्यावर घ्या. फॉर्मवर शाखा, हुद्दा आणि वय तिन्ही एकत्र नकोत. पाच-सहा जणांच्या शाखेत एवढ्यावरून माणूस लगेच ओळखू येतो, आणि त्याला त्रास होता कामा नये.

ऐरोलीकर
मनापासून आभार. फॉर्मवर ‘इस्लामिक बँकिंग’ लिहू का? त्या शब्दानेच उत्तर बदलेल अशी भीती वाटते. आणि मुस्लिमेतर ग्राहक घ्यावेत का?

जमाखर्च
बदलेलच, म्हणून तेही मोजा. १९६ पैकी ९८ फॉर्मवर ‘इस्लामिक बँकिंग’ हे नाव लिहा, ९८ वर फक्त व्यवहाराचं वर्णन ठेवा, आणि आळीपाळीने वाटा. कोणता कोणाला द्यायचा हे चेहरा पाहून ठरवू नका. मुस्लिमेतर नक्की घ्या, नाहीतर नावाचा परिणाम कुणावर किती होतो ते कळणारच नाही.

माहितीच्या भागात एक विधान वाढवा: ‘बचत खात्याचं व्याज दान केलं तर ते उत्पन्नात दाखवावं लागत नाही.’ हे चूक आहे, दान केलं तरी दाखवावंच लागतं. ग्राहक आणि कर्मचारी दोघांनाही हे विचारता येईल. आणि आधी ३० फॉर्म चाचणी म्हणून भरून घ्या. उर्दू फॉर्म दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मराठीत करून मूळ मराठीशी ताडून पाहा. टेम्पोच्या परिच्छेदात अर्थ हमखास सरकतो.